आधी गेट बघा, कोर्स नंतर: मुंबईत काम मिळवून देणारं ट्रेनिंग कसं निवडायचं

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या भांडुपच्या मंडळाच्या ऑफिसात रविवारी सकाळी पोरं आणि त्यांचे आईबाप येऊन बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कुठला कोर्स करू?" मी गेली अठरा वर्षं बिल्डिंग मेंटेनन्सच्या लाईनमध्ये आहे, आधी टेक्निशियन होतो आता सुपरवायझर आहे, म्हणजे एसी, लिफ्ट, पंप, डीजी सेट म्हणजे जनरेटर, इलेक्ट्रिकल पॅनल हे सगळं सांभाळणारी माणसं निवडणं आणि त्यांना तयार करणं हेच माझं रोजचं काम. काम मागायला आलेला मुलगा पण मी होतो आणि आता टेबलाच्या पलीकडे बसून निवडणारा पण मीच आहे, त्यामुळे सांगतो, कोर्स कुठला हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की तुमच्या घरापासून दीड तासाच्या आत कोण माणसं घेतंय, कशासाठी घेतंय आणि घेताना काय करून दाखवायला लावतंय. हे कळलं की कोर्स आपोआप ठरतो. हे न बघता फी भरली तर सर्टिफिकेट येतं, फ्रेममध्ये लागतं, आणि पोरगं घरीच बसतं.

हे मी एकटाच म्हणत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भारतातल्या रोजगारावरचा २०२४ चा रिपोर्ट आहे, त्यात २०२२ चा आकडा दिलाय की ग्रॅज्युएट तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचा अर्थ शिकू नका असा अजिबात नाही, ज्याच्या घरात चूलच पेटत नाही तो मिळेल ते काम धरतो, त्याला बेकार बसणं परवडत नाही एवढाच त्याचा अर्थ. पण डिग्री झाली की नोकरी चालत येते हा जो समज आपल्या घराघरात आहे ना, तो या आकड्यापुढे टिकत नाही. आणि नुसतं ट्रेनिंग हा पण उपाय नाही. वर्ल्ड बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा प्रोग्राम्सचा आढावा घेतला, त्यात निघालं की शंभर जणांना व्होकेशनल ट्रेनिंग दिलं तर त्यामुळे जास्तीची नोकरी जेमतेम दोन-तीन जणांना लागते, बाकीच्यांना एकतर तशीही लागली असती नाहीतर ट्रेनिंग करूनही लागली नाही. मग त्या दोन-तीन जणांत आपण कसं यायचं, सगळा खेळ तिथेच आहे.

पहिले आठ दिवस फी नाही, चपला झिजवायच्या

एक वही घ्या आणि फिरा. भांडुप-मुलुंडचा एलबीएस रोड, अंधेरीची एमआयडीसी आणि सीप्झ, नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे, जे जवळ पडेल ते. गेटवर "पाहिजेत" चे बोर्ड लागलेले असतात, ते वाचा आणि जसेच्या तसे उतरवून घ्या. सिक्युरिटीवाल्याशी बोला, बाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन वाजताच्या शिफ्टला सुटणारी माणसं उभी असतात त्यांच्याशी बोला, आपली माणसं आहेत, नीट विचारलं तर सांगतात. तीनच गोष्टी विचारायच्या: हातात किती पडतात, कंपनीच्या पेरोलवर का काँट्रॅक्टरच्या, आणि लागताना काय टेस्ट घेतली. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

ज्यांना ऑफिसचं काम हवंय त्यांनी हेच जॉब ॲपवर करायचं. एकाच पोस्टच्या वीस जाहिराती वाचा आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजा. अकाउंट्स असिस्टंटच्या वीस जाहिरातींत टॅली, जीएसटी रिटर्न आणि एक्सेल हे तीन शब्द फिरून फिरून येतील, मग शिकायचं काय ते कळलं ना. एमएस-सीआयटी करा, सरकारी भरतीत मागतात, पण खाजगी ऑफिसात त्याच्यावर कोणी घेत नाही, तिथे समोर शीट ठेवून पिव्होट टेबल लाव म्हणतात. क्लार्क-टायपिस्टच्या सरकारी जागांवर डोळा असेल तर मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या स्पीडचं टायपिंग सर्टिफिकेट आधी हातात पाहिजे, जाहिरात आल्यावर क्लास लावून उपयोग नसतो.

माझ्या नजरेतनं मुंबईत आत्ता माणसं कमी कुठे पडतायत ते सांगतो. टॉवर वाढले म्हणून लिफ्टचे टेक्निशियन, फायर अलार्म आणि पंपवाले. एसीवाले तर कायमच. मेट्रोची स्टेशनं झाली, जमिनीखालची पण झाली, तिथे सरकते जिने, व्हेंटिलेशन, एसी प्लांट हे सगळं चोवीस तास कोणीतरी सांभाळतं. मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असतो, एसटीपी म्हणतात त्याला, त्याचा ऑपरेटर मिळत नाही म्हणून सोसायट्या रडतात आणि आपल्या पोरांना ही नोकरी असते हेच माहीत नाही. हॉस्पिटलांत डायलिसिस आणि लॅबचे टेक्निशियन, भिवंडीच्या गोडाऊनमध्ये स्कॅनिंग आणि इन्व्हेंटरीवाले. तुमच्या एरियात वेगळं असेल, म्हणून तर फिरायला सांगतोय.

आयटीआयला कमी लेखू नका

आमच्याकडे अजून आयटीआय म्हटलं की आईबापांचा चेहरा पडतो, मार्क कमी पडले म्हणून तिकडे टाकलं असं नातेवाईक बोलतात, आणि हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. सरकारी आयटीआयची फी खाजगी क्लासच्या मानाने काहीच नाही, १९५० पासून चालत आलेली स्कीम आहे, आणि सर्टिफिकेट देशभर चालतं. मुंबईत मुलुंड, कुर्ला, मांडवी, लोअर परळ अशा बऱ्याच ठिकाणी आहेत. ॲडमिशन ऑनलाईन, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागते. फॉर्मवर मराठी नावं बघून गोंधळू नका, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर, कातारी म्हणजे टर्नर. इलेक्ट्रिशियन, फिटर आणि एसी-रेफ्रिजरेशनवाला ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचा. वेल्डर, प्लंबर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापास झालेलं पण चालतं, त्यामुळे दहावीत अडकलेल्या मुलाला घरी बसवून ठेवू नका. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, म्हणजे शिक्षण इथे संपत नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना एक चूक दर वर्षी होते. मुलं मित्राने जे भरलं ते भरतात. तुमची आठ दिवसांची वही समोर ठेवा आणि ज्या गेटवर ज्याची मागणी दिसली तो ट्रेड वर टाका.

एका नटची गोष्ट

आता मी स्वतः माणूस घेताना काय करतो ते सांगतो, म्हणजे टेस्ट काय चीज असते ते डोळ्यासमोर येईल. एसी टेक्निशियनला मी कागद बघायच्या आधी एक वीतभर कॉपर पाईप, पाईप कटर, फ्लेअरिंग टूल, रीमर आणि एक पितळी नट देतो आणि म्हणतो, फ्लेअर करून दाखव. फ्लेअर म्हणजे पाईपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं, म्हणजे नट आवळला की जॉइंट घट्ट बसतो आणि गॅस लीक होत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, एका खाजगी इन्स्टिट्यूटचं ए ग्रेड सर्टिफिकेट, फाईल एकदम नीट लावलेली. त्याने कटर लावला, एकदम न दाबता थोडं थोडं आवळत फिरवला, पाईप चेपला नाही. मग रीमर, म्हणजे कापलेल्या तोंडाची आतली धार घासून काढायचं टूल, फिरवताना पाईपचं तोंड खाली धरलं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडून कंप्रेसरमध्ये जाणार नाही. मी मनात म्हटलं, पोरगं तयार आहे. मग टूलमध्ये पाईप धरून त्याने इतका सुंदर फ्लेअर काढला, कडेला कुठे चीर नाही काही नाही, आणि अभिमानाने माझ्यापुढे धरला.

मी विचारलं, "नट कुठंय?"

नट टेबलावर. फ्लेअर करायच्या आधी नट पाईपात सरकवून ठेवायला लागतो, एकदा तोंड पसरलं की तो घालता येत नाही, सगळं कापून पुन्हा करायला लागतं. त्याचा चेहरा असा झाला की मलाच कसंतरी झालं. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं की तिथे कितीदा केलं होतंस हे. म्हणाला, "साहेब, तीस जणांत एकच टूल होतं, माझा नंबर दोनदाच आला." म्हणजे मुलाची चूक नाहीच, फी घेणाऱ्यांची आहे. मी त्याला आमच्या ओळखीच्या एका सर्व्हिसवाल्याकडे हेल्पर म्हणून पाठवला, महिन्याभराने परत बोलावला, या वेळी पाईप हातात घेतल्या घेतल्या पहिल्यांदा नट आत गेला. तो आज माझ्याच साईटवर आहे.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण कोर्स निवडायची कसोटी यातच आहे: माझा स्वतःचा हात त्या कामाला किती वेळा लागणार.

इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन काय विचारायचं

काउन्सेलर मॅडम एसीत बसवतील, ब्रोशर देतील, "हंड्रेड परसेंट प्लेसमेंट" म्हणतील. ऐकून घ्या आणि मग म्हणा, वर्कशॉप बघायचंय, आत्ता चालू बॅचचं. दाखवत नसतील तर तिथूनच परत या. आत गेल्यावर मशीनवर धूळ आहे का बघा, टूलं किती आणि मुलं किती ते मोजा, आणि शिकवणाऱ्या सरांना विचारा की तुम्ही आधी कुठल्या साईटवर होतात. ज्याने कधी भर उन्हात गच्चीवर आउटडोअर युनिट उघडलेलं नाही तो काय शिकवणार.

मग प्लेसमेंट. या शब्दाचे तीन अर्थ असतात: इंटरव्ह्यूला पाठवलं, ऑफर लेटर आलं, आणि तीन महिन्यांनी माणूस अजून तिथे कामावर आहे. तुम्हाला तिसरा आकडा हवाय, बाकी दोन त्यांच्या बॅनरसाठी असतात. मागच्या बॅचची यादी मागा आणि त्यातली पाच नावं तुम्ही स्वतः निवडा, त्यांनी निवडलेली नाही, आणि संध्याकाळी फोन लावा. पाचातले तीन जरी त्याच लाईनमध्ये कामाला असतील तरी बरंय. सर्टिफिकेट कोण देतं ते विचारा, एनसीव्हीईटी म्हणून केंद्राची संस्था आहे ती अशा सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डांना मान्यता देते, मान्यता आहे म्हणाले तर पोर्टलवर स्वतः शोधून खात्री करा. फी हप्त्याने, पावती घेऊन, आणि मध्येच सोडलं तर किती परत हे लिहून घ्या.

हे मी पोळल्यामुळे सांगतोय. माझ्या बहिणीच्या मुलीने एअरपोर्टच्या नोकरीसाठी म्हणून एका इन्स्टिट्यूटमध्ये ४५,००० रुपये भरले, बहिणीने भिशी मोडून दिले होते, सहा महिने ग्रूमिंग, इंग्लिश आणि मेकअप झाला आणि शेवटी तिला एका मॉलमधल्या दुकानात सेल्सच्या इंटरव्ह्यूला पाठवलं, जिथे ती बारावीवर अशीच गेली असती. पोरगी महिनाभर कोणाशी बोलत नव्हती. आता नवी मुंबईचा एअरपोर्ट झाल्यावर हे जाळं अजून वाढलंय, व्हॉट्सॲपवर रोज मेसेज येतात. एक नियम पक्का धरा, नोकरी देणारा कधी तुमच्याकडून पैसे घेत नाही, ना रजिस्ट्रेशनचे, ना युनिफॉर्मचे डिपॉझिट, ना "साहेबांना द्यायचे". ओरिजिनल मार्कशीट पण कोणाकडे ठेवायची नाही.

नर्सिंगचं तर वेगळं सांगतो कारण यात मुली फार फसतात. सहा महिन्यांच्या कोर्सने कोणी नर्स होत नाही. एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे खरे कोर्स करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागलं तरच नर्स. सहा महिन्यांत होतं ते पेशंट केअरचं, जीडीए म्हणतात, ते चांगलं कष्टाचं आणि मागणी असलेलं काम आहे, पण ते करतोय हे माहीत असून करावं.

अप्रेंटिसशिप, म्हणजे पगार घेऊन शिकणं

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. मामाने नेलं, बदली म्हणून लागले, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, आणि शेजारच्या साच्यावरच्या माणसाचे हात बघून बघून शिकले. शिकणं एक नंबर, पण हातात कागद कसलाच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरणी बंद पडली, आणि इतक्या वर्षांचं कसब दुसऱ्या दारात दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, शेवटी वॉचमनची नोकरी केली. युगांडात तरुणांवर एक मोठा अभ्यास झालाय, २०२० मध्ये छापून आला, त्यात काहींना संस्थेत शिकवून सर्टिफिकेट दिलं आणि काहींना थेट एका मालकाकडे कामावर शिकवलं. सुरुवातीला दोघांचंही बरं झालं, पण नोकरी सुटल्यावर सर्टिफिकेटवाले लवकर पुन्हा कामाला लागले, कारण त्यांचं कसब नव्या मालकाला कागदावर दिसत होतं. वाचलं तेव्हा मला वडीलच आठवले.

म्हणून मी म्हणतो की हात आणि कागद दोन्ही देणारा रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे तुम्ही विचारायला गेलात तर भीक मागत नाही आहात. स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे, २०१९ च्या नियमांत महिन्याला कमीत कमी ५,००० ते ९,००० असे टप्पे ठरले होते, कंपनी त्याहून जास्त देऊ शकते. केंद्राच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, तिथे कंपन्यांच्या जागा दिसतात, पण माझा अनुभव असा की नुसतं ऑनलाईन अप्लाय करून वाट बघणाऱ्याला फोन येत नाही, प्रिंट काढून कंपनीच्या एचआरला जाऊन भेटलेल्याला येतो.

मुंबईत यासाठी सोन्यासारख्या जागा आहेत. मध्य रेल्वेची परळ आणि माटुंगा वर्कशॉप, पश्चिम रेल्वेची लोअर परळ आणि महालक्ष्मी. रेल्वेच्या अप्रेंटिसला परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे मार्क धरून मेरिट लावतात, म्हणून आयटीआयमध्ये "पास झालो बस" असं करू नका, एकेक मार्क पुढे कामाला येतो. आणि रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. माझगाव डॉकमध्ये आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय असे वेगवेगळे गट असतात, तिथे मात्र परीक्षा होते. नेव्हल डॉकयार्डची स्वतःची अप्रेंटिस स्कूल आहे. चेंबूर-माहुलच्या तेल आणि खत कंपन्या पण घेतात. जाहिराती वर्षातून एकदा येतात आणि शेवटची तारीख निघून गेल्यावर मुलं माझ्याकडे येतात, हे बघून जीव तुटतो, दर सोमवारी या पाच-सहा वेबसाईट उघडून बघायची सवय लावून घ्या.

दोन गोष्टी आधीच माहीत पाहिजेत. अप्रेंटिस म्हणजे नोकर नाही, पीएफ कापला जात नाही आणि संपल्यावर कंपनीने ठेवलंच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत पुढची दारं ठोठवायला लागा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली तिचं पण हेच. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, ग्रॅज्युएटला १०,००० महिन्याला, आधी सहा महिने होती मग अकरा केली. बऱ्याच मुलांना वाटलं सरकारी ऑफिसात घुसलो म्हणजे पर्मनंट होणार, तसं नसतं, मुदत संपल्यावर मुलं रस्त्यावर आली. कुठलीही अशी संधी मिळाली तर घ्या, पण सरकारी ऑफिसात नुसत्या फायली इकडून तिकडे नेण्यापेक्षा जिथे काहीतरी हाताला लागेल ती जागा मागून घ्या.

आणि मुलींच्या आईबापांना एक सांगायचंय. कोलंबिया देशात तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत काम असा एक सरकारी प्रोग्राम चालवला होता, तिथे ट्रेनिंग मिळालेल्या मुलींची कमाई जवळपास वीस टक्क्यांनी वाढली, मुलांना तेवढा फायदा दिसला नाही. आपल्याकडे मुलगी म्हटलं की शिवण आणि पार्लर, याच्यापुढे कोणी विचारच करत नाही. माझ्या टीममध्ये दोन मुली आहेत, एक बीएमएस म्हणजे बिल्डिंगचा कंट्रोल रूम सांभाळते आणि एक फायर पॅनल, दोघी आयटीआय इलेक्ट्रिशियन. लागताना त्यांनी पहिला प्रश्न केला होता की सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी सोडायला गाडी आहे का आणि चेंजिंग रूम कुठे आहे. बरोबर प्रश्न आहे, बिनधास्त विचारायचा, जो यावर तोंड वाकडं करेल त्याच्याकडे जायचंच नाही.

हाताबरोबर तोंड पण चाललं पाहिजे

काम येणारी मुलं कितीतरी वेळा इथे मार खातात. स्पोकन इंग्लिशच्या मोठ्या कोर्सची सुरुवातीला गरज नसते, तुमच्या लाईनमधले पन्नास शब्द आणि चार वाक्यं पाठ पाहिजेत. टेक्निशियनला जॉब कार्ड भरता आलं पाहिजे, कम्प्लेंट काय, अटेंड किती वाजता केली, स्पेअर काय लागला, पेंडिंग का राहिलं, एवढं इंग्रजीत स्वच्छ अक्षरात. कस्टमरला फोन करून "मॅडम, एसीसाठी आलोय, पंधरा मिनिटांत पोचतो" हे मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हीत न अडखळता म्हणता आलं पाहिजे. मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, परत करा, रोज दहा मिनिटं, घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन करा. इंटरव्ह्यूत "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर पोरं वडिलांच्या नावापासून सुरू करतात, तसं नको, काय शिकलो, कुठल्या मशीनवर हात बसलाय, कुठे राहतो आणि किती वाजता पोचू शकतो, बस, एक मिनिट.

बायोडेटा एका पानाचा. फोटो, आवडीनिवडी, "हार्डवर्किंग" वगैरे काही नको.

त्यापेक्षा एक वेगळी वही ठेवा, कामाची. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून तारीख टाकून आज काय केलं, कुठलं मशीन, कोणाच्या हाताखाली, काय चुकलं, आणि जमेल तिथे परवानगी घेऊन मोबाईलवर फोटो. माझ्यासमोर अशी वही उघडणारा मुलगा आला तर मी दहा मिनिटं जास्त देतो, कारण त्यावरून विचारायला काहीतरी मिळतं आणि त्याला पण उत्तर देताना धीर येतो.

लागल्यानंतर

पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. झाडू मारायला लावतात, सामान उचलायला लावतात, सीनियर ओरडतो, आणि दीड महिन्यात मुलगा घरी येऊन बसतो. अपमान होत असेल, अंगावर हात टाकत असतील, सेफ्टी बेल्ट न देता उंचावर चढवत असतील तर त्याच दिवशी सोडा, पण नुसता कंटाळा आला म्हणून तीन महिन्यांच्या आत सोडू नका.

पगाराचं बोलताना सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, विचारू नका, हातात किती ते विचारा. पीएफ बेसिकच्या १२ टक्के तुमचा कापला जातो आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे ०.७५ टक्के, ज्यातून तुमचं आणि घरच्यांचं हॉस्पिटल होतं. पहिली स्लिप आली की यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा नंबर घेऊन उमंग ॲपवर बघा पैसे खरंच जमा होतायत का, स्लिपवर कापलेले दाखवून भरलेच नाहीत असे काँट्रॅक्टर मी पाहिलेत. काँट्रॅक्टर बदलला तरी यूएएन तोच राहतो, नवीन काढून घेऊ नका. नेमणूक पत्र मागा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात त्यात ते सगळ्यांना द्यायचंच आहे. सोडताना अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घेतल्याशिवाय निघू नका. इलेक्ट्रिकलवाल्यांनी तर अनुभव झाला की सरकारी वायरमन परवान्याच्या मागे लागावं, तो असला की स्वतःची कामं घ्यायचा रस्ता उघडतो.

आणि कागदपत्रं. हे शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक या तिन्हीवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अगदी सारखी आहे का बघा, एका अक्षराच्या फरकाने स्टायपेंड अडकतो, पीएफ लिंक होत नाही, रेल्वेचा फॉर्म बाद होतो. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते पण बघा. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर जे लागू असेल ते निकालाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतूवर इतकी रांग असते की फॉर्मची तारीख उलटून जाते आणि दाखला मागाहून हातात पडतो.